हरळीवर चालणारं यंत्र

माझ्या घरापुढे बारा फूट बाय वीस फूट हरळी आहे. उगवलेली नाही, मी लावलेली. आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांनी अंगणात सिमेंटचे गट्टू बसवले. मीही बसवावेत, असं घरात रोज ऐकतो. मी सेलूच्या एका भंगारवाल्याकडून हाताने ढकलायचं गवत कापायचं यंत्र आणलं. पाती चौदा इंच रुंद, मोजून घेतली.

परभणीला येताना रेल्वेत समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "हे पेरायचं हाय का कोळपायचं?"

"कापायचं."

"मग बैल कुठं हाय?"

"तुमच्या म्होरंच बसलाय," मी म्हणालो.

या यंत्राचा इतिहास मी शोधून वाचला. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या एका माणसाने ते केलं. गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारी गोल फिरती पाती त्याने पाहिली आणि तीच गवतावर आणली. त्याआधी तिथली हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत, नाहीतर मेंढरं सोडत. पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, तेव्हा खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना कातडी बूट घालत.

हे मी थोरल्या भावाला सांगितलं. तो सोनपेठकडे गावाकडची शेती बघतो, दोन दिवसांसाठी आला होता.

"घोड्याला बूट?" तो म्हणाला. "आन् आपल्या बापाची जिंदगी अनवाणी हरळी खणण्यात गेली. तू तिला पाणी घालायलास!"

त्याचं खोटं नव्हतं. काळ्या रानात हरळी माजली की पीक जातं, आणि गाव शेतकऱ्याला आळशी म्हणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीच्या आवाजाने जाग आली. दादाने एक कोपरा खणून काढला होता. मुळ्या झटकून, पुन्हा रुजू नयेत म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत टाकल्या होत्या. वडील बांधावरच्या दगडावर टाकायचे, तशाच.

"तुझं काम हलकं केलं. आता गट्टूवाल्याला बोलाव."

मी यंत्र आणून त्याच्या कुदळीपुढे उभं केलं. "दादा, बास. इथून पुढं न्हाई."

"लोक हासायलेत तुला."

"हासू दे."

त्याने कुदळ ठेवली. मी तिथल्या तिथे उरलेली हरळी कापायला घेतली, तो पायरीवर चहा पीत बघत राहिला. शेजारचेही बघत होते. लोक वेडा म्हणतील म्हणून इंग्लंडमधला तो माणूस आपलं यंत्र अंधारात चालवून बघायचा, असं सांगतात. मी सकाळी आठला चालवतो, फाटक उघडं ठेवून.

पावसाळा आला आणि दादाने खणलेला कोपरा हरळीने आपोआप भरून आला. मी दादाला फोन केला.

"म्हणलं न्हवतं?" तो ओरडला. "ती मरत न्हाई!"

"म्हणूनच लावली," मी म्हणालो.