मोगऱ्याला जास्त झालेलं पाणी

देवळाली प्रवरात आमच्या गच्चीवर अकरा कुंड्या होत्या. शाळेतून दमून आल्यावर त्यांच्याकडे बघण्याचं त्राण माझ्यात नसायचं. सकाळी निघण्याआधी पाणी घालायचं, एवढंच.

तरी मोगरा पिवळा पडत चाललेला दिसला. भूक असेल म्हणून शेणखत घातलं, मग चमचाभर युरिया. पानांच्या कडा करपल्या आणि शेजारच्या कढीपत्त्यानंही मान टाकली.

शेवटी रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसानं मोबाईलमधला फोटो बघितला.

"ताई, लई पानी घालता तुमी. माती कुठली?"

"शेतातली. काळी."

"मग कुंडीत चिखलच व्हनार. आधी खत बंद करा."

रविवारी कुंड्या उपड्या केल्या. तळाची भोकं बुजलेली, मुळं काळी, कुजका वास. "टाकून दे ना सगळं," नवरा म्हणाला. मी पोयट्याची माती, वाळू आणि नारळाचा भुसा मिसळून कुंड्या पुन्हा भरल्या. कंबर धरली ती दोन दिवस. पाणीही दिवसाआड केलं, तरी माती ओलीच राहायची.

मग एकदा ताप आला म्हणून घरी थांबले. जिन्यात बादली आपटल्याचा आवाज आला. सासरे होते. जमीन धाकट्या दिराकडे सोपवून ते आमच्याकडे आले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांनी एकेका कुंडीत पाणी घातलं आणि खाली आले. तासाभरानं पुन्हा बादली भरली. जेवण झाल्यावर पुन्हा.

"अण्णा, सकाळी घातलंत ना पाणी?"

"न्हाई गं पोरी. आज कुठं? वाळून चाललीत बग समदी."

त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. मी वाद घातला नाही. तिथंच पायरीवर बसले.

अण्णांना नगरला डॉक्टरकडे नेलं. हे विसरणं आता वाढतच जाणार, असं ते म्हणाले.

उरलेल्या कुंड्या मी टाकीच्या मागे, अण्णांच्या नजरेआड ठेवल्या. त्यांच्यासाठी दोन टबांत अळू लावलं. त्याला कितीही पाणी चालतं. मोगरा गेला. कढीपत्ता चार पानांवर जगला. अळू इतकं माजलं, की आता शेजारणीही नको म्हणतात.

काल अण्णांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुनाचं गं?"

"आपलंच," म्हटलं, आणि वह्या तपासायला खाली आले.