आडवा हात

माघ वद्य सप्तमी, मंगळवार. रक्कम तीनशे तीस रुपये. ठिकाण बुलढाण्याची कचेरी. हजर होते ते नुकसानभरपाईचं काम पाहणारे अंमलदार, त्यांचा एक कारकून, आमच्या जीनचे म्यानेजर, मयताची बायको देवकाबाई, आणि जीनचा हजेरी कारकून म्हणून मी. पैसे दोनदा मोजले गेले. देवकाबाईनं अंगठा दिला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं मला काही कारण नव्हतं, पण पाहिलं.

मयत म्हणजे सुखदेव. मलकापुरातल्या ज्या जीनमध्ये मी नोकरीला आहे, तिथं कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात. तिथं तो अकरा हंगाम माझ्या हजेरीपटावर होता. त्याला जाऊन आता अकरा आठवडे झाले. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण लिहिताना माझंच काही जुळत नाही, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो.

नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे दोन्ही कान गेले. बोलायचा, पण स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तसा, मोठ्यानं आणि एकाच सुरात. आमच्याकडे तो तेलवाला होता. वरच्या मजल्यावर सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, दोन ओळी, त्यांवर बाया कापूस लावतात. खाली एक अरुंद बोळ, त्यात लांबलचक फिरता लोखंडी शाफ्ट, आणि त्यावरून वरच्या प्रत्येक रेच्याला गेलेला पट्टा. त्या बोळात उतरून तेल घालायचं काम कुणी खुशीनं घेत नसे. सुखदेवनं घेतलं. बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "हे तापून राह्यलं." रहीमभाई फिटर आधी हसायचे. दोनदा त्याचं खरं निघाल्यावर हसणं थांबलं. कापसाच्या कारखान्यात तापलेलं बेअरिंग म्हणजे आग, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

इंजन सुरू झालं की आमच्या जीनमध्ये कानाला तोंड लावलं तरी शब्द पोचत नाही. चार हंगामांपूर्वी एका बाईचा पदर पट्ट्यात गेला. शेजारच्या बाया ओरडल्या. मी दारात हजेरी घेत उभा होतो; मला त्यांची उघडी तोंडं दिसली, आवाज काही आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या हसताहेत असंच मला वाटलं. सुखदेव नुकताच बोळातून वर आला होता. माणसांच्या तोंडांकडे पाहत राहायची त्याला सवयच होती. त्यानं हात उंच करून आडवा धरला, तळवा खाली. पलीकडच्या टोकाला रहीमभाईंनी तो पाहिला आणि वाफ तोडली. पदर गेला, बाई वाचली.

दुपारी भाकरीच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, ही खूण कुणी शिकवली? तो म्हणाला, "शिकवाले काय लागते, बाबूजी? पंगतीत ताटावर हात आडवा केला का वाढनारा थांबते का नाही? तोंडानं नको नको म्हना, त लाडू वाढतेच!" तोंडाची भाषा फसवते, हाताची नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्या आठवड्यापासून रहीमभाईंनी झाडून सगळ्यांना ती खूण करायला लावली. वर त्याला डोळ्यांसमोर उभं करून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणायचे, "बे बह्यऱ्या, तुले आयकू येत नाही, अन् सारा कारखाना तुयंच आयकते!" यावर सुखदेव असा हसायचा की बाया मागं वळून पाहायच्या.

गेल्या हंगामाच्या शेवटी कारखान्यांची तपासणी करणारे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. शाफ्टभोवती कठडा नाही म्हणून त्यांनी म्यानेजरांना चांगलंच सुनावलं. मग मला म्हणाले, बोळात कोण कोण उतरतं त्यांची यादी द्या, वयं लिहा, कुणाला शरीराचं व्यंग असेल तर तेही लिहा. यादीत तीन नावं होती. सुखदेवच्या नावापुढे मी लिहिलं, 'दोन्ही कानांनी पूर्ण बहिरा.' लिहिलं नसतं तर साहेबांना कळलं नसतं. पण विचारलेलं लिहायचं, ही माझी बावीस वर्षांची रीत. साहेबांनी शेरा मारला की असा माणूस चालत्या यंत्राजवळ ठेवू नये, त्याच्याच जिवासाठी. साहेब गेल्यावर म्यानेजर म्हणाले, "तुम्हाले साक्षीले कोनं बोलावलं होतं हो, कारकून?" कठडा मात्र त्यांनी बसवला. तेवढं माझ्या यादीवाचूनही झालं असतं.

या हंगामात, कार्तिकात, सुखदेवला बाहेर आवारात घातलं. गाड्यांतून उतरलेला कापूस पसरायचा, गंजी लावायची. पगार चौदाचा अकरा झाला. पहिल्या दिवशी तो हजेरीच्या खिडकीशी आला. "मले काऊन काढलं, बाबूजी?" मी खुणेनं सांगितलं, तुझ्याच जिवासाठी. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आंदर त सारेच बह्यरे हायेत. तथी मी तुमच्याहून हुशार. भाईर सारे आयकतात, अन् मी एकटाच बह्यरा होतो." मी त्याला हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि पुढच्या माणसाचं नाव लिहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वजनकाट्यावरच्या गाडीचं जू निसटलं. बैल बिथरले आणि उतारानं धावले. सुखदेव पाठमोरा, कापूस पसरत होता. आवारात तेव्हा इंजनाचा आवाज नव्हता. स्वच्छ ऐकू येत होतं, पाखरंसुद्धा. पाच-सहा गाडीवान ओरडले, "हट! हट!" आणि खिडकीतून मीही ओरडलो, "सुखदेव!" अकरा हंगाम त्याला ओळखत असून मी त्याला हाक मारली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, हे खरं आहे. तो पाठमोरा होता, माझा हात त्याला दिसला नसता. तरी ती हाक माझ्या कानातून जात नाही.

आता मी कुठं चुकलो? खोटं लिहायला हवं होतं का? तो बोळातच पट्ट्यात सापडला असता, तर 'बहिरा आहे हे ठाऊक असून लिहिलं नाही' असं मीच आज लिहीत बसलो असतो. सगळ्यांना सारखाच धोका आहे ती जागा त्याला बरी होती, आणि जिथं बाकीच्यांना धोका नाही तिथं त्याला होता. हे यादीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही. रहीमभाईंना विचारलं, तर म्हणाले, "लिखा तुमने सही, बाबू. पूछा किसीने गलत." यानं मला बरं वाटायला हवं होतं.

कचेरीत अंमलदारांनी विचारलं, मृत्यूच्या वेळी पगार काय? भरपाई तीस महिन्यांच्या पगाराची. मी खरं तेच सांगितलं, अकरा. बोळात असता तर चौदा, म्हणजे चारशे वीस. नव्वदाचा फरक.

मोटारीच्या अड्ड्यावर मलकापूरची गाडी यायला वेळ होता. देवकाबाई ओट्यावर बसली होती, पैशांचं गाठोडं पोटाशी धरून. मी विचारलं, "बाई, तो माझ्यावर रागावला होता का?" तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "एक दिस सांगे, आवारात आभाय दिसते, बेस वाटते. दुसऱ्या दिशी म्हने, मन लागत नाही. मी काय सांगू, बाबूजी? मलेच समजलं नाही."

मी घरून नव्वद रुपये रुमालात बांधून आणले होते. माझा सव्वादोन महिन्यांचा पगार. घरी सांगितलं नव्हतं. रुमाल पुढं केला, आणि हे तुमचेच आहेत, नाही म्हणू नका, असं बरंच काही बोलत राहिलो. गाठोड्यावर तिनं हात आडवा धरला, तळवा खाली. मी थांबलो.

जीनमध्ये आजही हाच हात चालतो. यंदा नव्या आलेल्या बायांनी सुखदेवला बोळात कधी पाहिलं नाही. तरी पट्टा सरकला की आधी हात वर जातो, मग तोंड उघडतं. दारात उभा राहून मी ते पाहतो आणि हजेरी लिहितो.

शेवटी दिले गेले ते असे. भरपाईचे तीनशे तीस रुपये, आणि तो गेला त्या महिन्यातल्या सहा दिवसांची मजुरी, तीस दिवसांचा महिना धरून, दोन रुपये तीन आणे. दोन्ही देवकाबाईला पोचले. नव्वद रुपये तिनं घेतले नाहीत.