मोठ्याने म्हटलेलं माप

टेपबाईच्या दुकानात वही कधीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायची, आकडा एकदा मोठ्याने म्हणायचा, की तो तिच्या डोक्यात पक्का शिवला जाई. बावीस वर्षं असंच चाललं होतं. गल्लीतल्या बायका म्हणत, "हिच्यापासून वजन लपवायची सोय नाही."

आणि शुक्रवारी सकाळी तिनेच शिवलेला निळा ड्रेस तिच्या थोरल्या बहिणीच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

ताई वर्षभर आजारी होती. उद्या तिची मुलगी दोन वर्षांनी घरी येणार होती. दारातच आईला बघून पोरीचा चेहरा पडू नये, एवढ्यासाठीच तर हा नवा ड्रेस.

"माप चुकलं वाटतं," ताई म्हणाली.

"विसरले गं. वय झालं माझं."

"कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं लग्नाआधीचं पोट तुला आठवतं, आणि पंधरा दिवसांपूर्वीची मी आठवत नाही?"

टेपबाई कसनुसं हसली, ड्रेस पिशवीत कोंबला आणि दुकानात आली. तिथे कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई कोटाचं अस्तर बदलायला येऊन बसल्या होत्या.

"बाई, माणूस विसरतो कशामुळे हो?"

"कशामुळे म्हणजे? एक का कारण आहे?" बाई खुशीत आल्या. "कधी मुळात लक्षच नसतं. कधी जुनी आठवण नव्या आठवणीवर बसते. घर बदललं तरी पाय जुन्याच गल्लीत वळतात, तसं."

टेपबाईला हायसं वाटलं. ताईचं छातीचं छत्तीस इंच माप तर ती लग्नाआधीपासून शिवत आली होती. जुनं माप नव्यावर बसलं असणार, झालं!

"आणि कधी," बाई कोट घडी करत म्हणाल्या, "नकोसं असतं म्हणून विसरतो. पण ते गेलेलं नसतं. तशाच जागी, तशाच हालचालीत पुन्हा हाती लागतं."

बाई गेल्यावर टेपबाईने उगाचच गळ्यातली टेप काढली आणि समोर ताई उभी असल्यासारखी हवेत धरली. चिमटीत आकडा लगेच आला. तीस. तेव्हाही तीसच होता, तिने डोळ्यांनी पाहिला होता. ताईने विचारलं होतं, "किती गं?" आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली होती, "छत्तीस! होतीस तश्शीच आहेस."

जे मोठ्याने म्हटलं, तेच हातांनी कापलं होतं. आणि सकाळी वर वयाच्या नावाने खडे फोडून आली होती.

दुकान अर्ध्या दिवसात बंद करून ती परत गेली. ताई खिडकीशी बसली होती.

"ताई, मी विसरले नव्हते. मी तुला खोटं माप सांगितलं."

"ठाऊक आहे मला. टेपचं उरलेलं टोक केवढं लांब लोंबत होतं, दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या खात्रीने म्हणालीस, मलाही घटकाभर खरंच वाटलं." ताई आपल्या मनगटाकडे बघत राहिली. "चार दिवस तर मी वजनासाठीच्या दुधालाही नाहीच म्हटलं. म्हटलं, तशीच तर आहे मी."

टेपबाईला ते टाचणीसारखं रुतलं. तिने पिशवीतला निळा ड्रेस काढला, पण डोळे भरून आले.

"रडू नकोस, कापडावर डाग पडेल. घे माप. आणि मोठ्याने म्हण."

तिने टेप लावली. ती तिसाशीही थांबली नाही, आणखी आत गेली. टेपबाईने दोन्ही टोकं पुन्हा जुळवून पाहिली.

"एकोणतीस," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

ताईने मान डोलावली. "बरोबर एकोणतीस शिवू नकोस पण. शिवणीत दोन इंच सोडून ठेव. पोरगी आली की जेवीन मी."