दूध आटतानाचे दिवस

लातूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ऊतिशास्त्र शिकवते. शरीराचे पातळ काप काचेवर रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि पोरांना सांगायचं की हे यकृत, हे मूत्रपिंड. पोरांना या विषयाचा मनस्वी कंटाळा. सगळ्या स्लाइड्स त्यांना सारख्याच दिसतात, थोड्या गुलाबी, थोड्या जांभळ्या. त्यांचंही खरं आहे. मलाही पहिलं वर्षभर तसंच दिसायचं.

स्तनाच्या तीन स्लाइड्स मात्र मी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. पहिली दूध येण्याआधीची, दुसरी दूध चालू असतानाची, तिसरी दूध थांबल्यानंतरची. तिसरी शेळीची आहे, बाईची कुठून मिळणार. पोरं बघतात ती दुसऱ्या स्लाइडकडे, कारण तिच्यात दूध करणाऱ्या पेशींचे घोस द्राक्षांसारखे लगडलेले असतात आणि परीक्षेत तेच काढायला येतं. मी म्हणते, घोस सोडा, भोवती बघा. भोवती चरबीच्या पेशी असतात, धागे विणणाऱ्या असतात, झाडलोट करणाऱ्या असतात. या सगळ्यांना मिळून पुस्तकात स्ट्रोमा म्हणतात, मी शेजारपाजार म्हणते. दूध चालू असतं तेव्हा हा शेजारपाजार अंग चोरून बसतो. चरबीच्या पेशी तर इतक्या बारीक होतात की ओळखू येत नाहीत. पिल्लाचं पिणं तुटलं की दूध आतल्या आत साठतं, दूध करणाऱ्या पेशी भराभर मरायला लागतात आणि मग ही भोवतालची मंडळी कामाला लागतात. कुणी मेलेलं उचलतं, कुणी जुने धागे सोडवून नवे विणतं. चरबीच्या पेशी पुन्हा फुगतात आणि रिकामी झालेली जागा भरून टाकतात. नंतर बघाल तर इथं कधी दूध होतं यावर विश्वास बसत नाही.

हे मी कित्येक वर्षं फळ्यावर बाण काढत न अडखळता सांगत आले होते. एका उन्हाळ्यात मात्र अडखळले.

त्या उन्हाळ्यात माझी मुलगी दोन वर्षांची होत आली होती आणि अजून अंगावर पीत होती. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवार-रविवार यायचा. बाळंतपणाची रजा संपल्यापासून पोरीला दिवसभर सांभाळायच्या त्या माझ्या सासूबाई. लोह्याजवळच्या गावातलं घर आणि शेत सासऱ्यांवर सोडून त्या नातीसाठी आमच्या लातूरच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या घरात तशीच रीत आहे. पोरीचं जेवण, अंघोळ, आजारपण, रुसवेफुगवे, सगळं आत्यांकडे. माझ्याकडे ती यायची ती दुधासाठी. कॉलेजातून आल्यावर मी साडी सोडून गाऊन घालेपर्यंत तिचा पायाशी थयथयाट चालायचा. मग मांडीत शिरली की एका हाताने माझ्या गाऊनचं बटण फिरवत डोळे मिटून प्यायची. आमच्या दोघींत एवढंच होतं, पण ते पक्कं होतं. हे तुटलं तर ती माझ्याकडे कशाला येईल, ही भीती मला सतत वाटायची. कुणाला बोलून दाखवली नव्हती, कारण शिकलेल्या बाईने असं बोलणं बरं दिसत नाही.

पण पोरगी जेवणाला तोंड लावत नव्हती. घास दिसला की मान फिरवायची. आत्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून मला लावायला दिला. पोरीने चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं, माझ्याच गाऊनने सगळं नीट पुसून घेतलं आणि पुन्हा प्यायला लागली. आत्या हसून हसून बेजार झाल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तू डोळ्यापुढं हायस तवर ती सोडत न्हाई. मी घेऊन जाते गावाकडं. दूध आटलं की ये न्यायला."

आमच्या भागात हे असंच करतात. लेकरू आजीबरोबर दुसऱ्या गावी जातं आणि आई मागे राहते. मी लहान असताना माझंही असंच तोडलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाल्या, "तुझा रोजचा गाऊन दे संगं. वासावर झोपंल."

आता या गाऊनवर आत्यांचा जुना राग. त्या त्याला पोतं म्हणायच्या. "पोतं घालून दारात नको हुभी ऱ्हाऊ," असं किती वेळा ऐकलं असेल. त्यांनीच तो मागितला तेव्हा मला आनंद झाला. मी लगेच गाऊन धुतला, सुवासिक पाण्यात बुडवला, वाळवला आणि इस्त्री करून घडी त्यांच्या हातात दिली. सासूच्या हातात मळका कपडा ठेवायचा नाही, हे माहेरी माझ्या हाडात मुरवलेलं आहे. एवढं ऊतिशास्त्र शिकले, पण त्या क्षणी फक्त सून होते.

पोरगी एसटीच्या खिडकीतून मला हात हलवत गेली. तिला वाटलं आपण फिरायला चाललोय.

घरी आले तर दोन खोल्या अंगावर यायला लागल्या. तिचा पेला, तिची एक चप्पल, भिंतीवर तिने ओढलेल्या रेघा. संध्याकाळ झाली की छाती दगडासारखी व्हायची. समोरच्या घरात कुणाचंही लेकरू रडलं की मला पान्हा फुटायचा आणि मी भिंतीला टेकून उभी राहायचे. कॉलेजातल्या माझ्या देगलूरकडच्या मैत्रिणीने सांगितलं, "आमच्याकडं मोगरा बांधतात गं. दूध आटतं." मी फुलं आणून छातीशी बांधली आणि तशीच वर्गात गेले. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "मॅडमचा गजरा दिसत नाही, पण वास लई येतोय."

पोरगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला.

"ह्यो गाऊन कोणाचा हाय?"

"माझाच की, आत्या."

"मंग धुतलास कामून? पोरगी हुंगून राहिली अन् फेकून देऊन राहिली. रडून रडून घसा बसला तिचा."

आत्यांचा आवाज खाली आला. "न धुतलेला पाठीव. म्या काय नाक मुरडणार हाय व्हय?"

मग मी त्याच दिवशी अंगावरचा दुसरा गाऊन काढला, तसाच चुरगाळलेला पिशवीत भरला आणि स्टँडवर जाऊन नांदेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला. लोह्याला सासरे उतरवून घेणार होते. ड्रायव्हरने पिशवी हातात तोलून विचारलं, "काय हाय यात?" कपडे म्हटलं. इतकी लाज मला लग्नातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या फोनवर म्हणाल्या, "झोपली बाई. मोगऱ्याचा वास येऊन राहिला त्याला, पण खालून तुझा बी हाय."

फोन ठेवला आणि खूप रडले. ती झोपली म्हणून बरं वाटलं, आणि माझ्याशिवाय झोपली म्हणून वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात त्या तीन स्लाइड्सचा तास आला. तिसरी लावली, बाण काढले, झाडलोट करणाऱ्या पेशींपर्यंत आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, पिल्लू मधेच परत आलं तर?" चांगला प्रश्न होता. मी सांगायला लागले, "उंदरांमध्ये असं दिसतं की पहिल्या टप्प्यात परत आलं तर सगळं थांबतं आणि दूध पुन्हा सुरू होतं. पण भोवतालच्या पेशी कामाला लागल्या, जागा भरायला लागल्या, की मग परतता येत नाही." एवढं बोलले आणि पुढचं सुचेना. पोरं वह्यांत मान घालून लिहून घेत होती. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तास संपल्यावर घरी न जाता स्टँडवर गेले. नांदेडची गाडी लागलेली होती, खिडकीजवळची जागा रिकामी होती. अजून पहिला टप्पाच असेल, मी स्वतःशी म्हणत होते. गाडी सुटली. मी चढले नाही, पण चढले असते तर काय झालं असतं हे आजही मनात येतं.

मग हळूहळू छाती मऊ पडली. लेकरू रडलं तरी पान्हा येईनासा झाला. एका सकाळी अंघोळ करताना कळलं की संपलं. ज्याची वाट बघत होते तेच झालं होतं आणि मला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

नवऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती, रविवारी मी एकटीच निघाले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोह्याला उतरून रिक्षाने गावात पोचले. अंगणात पाऊल टाकलं तर समोर आत्या. नऊवारी लुगड्यावरून माझा गाऊन घालून लिंबाखाली बसलेल्या, आणि मांडीवर माझी लेक भाकरीचा तुकडा चघळत, गाऊनचं बटण फिरवत. शेजारच्या बायका यावरून त्यांना किती चिडवत असतील, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला बघून म्हणाल्या, "हसू नको. तिला पांघरून चालंना, घालूनच पायजे."

मी हसले नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली. उठून आली, माझ्या छातीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि पुन्हा आत्यांच्या मांडीवर जाऊन बसली. दुपारी झोप आली तेव्हा मी हात पुढे केले. ती आत्यांच्या गळ्यात पडली. मला आत्यांचा हेवा वाटला. ज्या बाईने माझ्या लेकरासाठी म्हातारपणी पोतं अंगावर चढवलं, तिचा हेवा.

आत्यांनी ते पाहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी लोह्याच्या स्टँडवर आलो. आत्या नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर लातूरला येणार असं मी धरून चालले होते. गाडी लागली तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या हातात फक्त पोरीची पिशवी आहे.

"तुमची पिशवी कुठंय?"

"मी न्हाई येत."

मला वाटलं माझ्या तोंडावर काही दिसलं म्हणून रुसल्या. मी म्हटलं, "आत्या, माझं काही चुकलं का? हिला कोण सांभाळणार?"

"पाळणाघर हाय की. मागंच म्हणत हुतीस." त्यांनी पोरीला माझ्या कडेवर दिलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आले तर ती तुझ्याजवळ येणार न्हाई. हात धुऊन बसशील. दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ दे मला हितंच."

"तुम्हाला करमेल?"

"न्हाई करमायचं," त्या म्हणाल्या. "जा आता, जागा भरंल."

गाडी हलली तेव्हा त्या फलाटावरच्या खांबाआड जाऊन उभ्या राहिल्या, पोरीला दिसू नये म्हणून. मला त्यांच्या पदराचं टोक दिसत होतं. अहमदपूर येईपर्यंत पोरगी एसटीतल्या माणसांत रमली होती.

लातूरला पोचल्यावर दुपारी तिला घेऊन आडवी झाले. ती उठून बसली, दाराकडे बघून म्हणाली, "आजी?" मी म्हटलं, आजी गावाला आहे. ती पुन्हा म्हणाली, "आजी?" आणि रडायला लागली. तिला थोपटलं, गाणं म्हटलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मलाही आवरेना. ती माझा दंड घट्ट धरून रडत होती आणि मी तिच्या केसांत तोंड खुपसून. आम्हा दोघींनाही आत्याच हव्या होत्या.