चित्रलेखाताईचं आवतण

ऑनलाइन लेक्चरला बसताना ती चपला दाराशी काढायची. कॅमेरा बंद असला तरी चांगला कुर्ता घालायची. फोन उचलला की "हं, बोल" म्हणावं तसं इंग्रजीत "यस, टेल" म्हणायची. परक्या माणसाचं नाव आधी देवनागरीत लिहून घ्यायची, म्हणजे उच्चार चुकत नाही. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबायची. कुणाशीही बोलताना मध्येच विचारायची, जेवलीस का. उत्तर "नाही" आलं तर मूळ विषय बाजूला राहायचा.

चित्रलेखाताई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सच्या नव्या वसाहतीत आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मी पुण्याला मराठीत एम.ए. केलं, लग्न करून इथे आले आणि जग बंद झालं. दोन्ही लॉकडाउनमध्ये व्यायामासाठी एकाच माणसाबरोबर बाहेर पडता यायचं. माझं ते एक माणूस ताई होती. आम्ही तळ्याभोवती चालायचो.

ताई मूळची वाईची. लग्नाआधी ती पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. इथे आल्यावर मुलगी झाली, नऊ वर्षं घरात गेली. मग तिने युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, लॅब सायन्सचं मास्टर्स केलं. मार्क उत्तम मिळाले. पण प्रत्येक नोकरीच्या अर्जाला उत्तर एकच यायचं: इथला अनुभव नाही, तुम्हाला ओळखणारं इथलं कुणी नाही.

"सुखदा, मला नोकरी नकोय," ती एकदा तळ्यापाशी म्हणाली. "म्हणजे हवीच आहे. पण त्याआधी एक माणूस हवंय. फोन उचलून म्हणेल, हो, हिला मी ओळखते, हिला घ्या. या अख्ख्या देशात मला असं एक माणूस नाही."

त्याच आठवड्यात तिला युनीच्या ऑनर्स क्लबचा ईमेल आला. तुम्ही वरच्या विद्यार्थ्यांत आहात, सभासद व्हा.

"स्कॅम," तिचा नवरा उल्हास लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "हुशार आहात म्हणतात आणि फी मागतात. हुशार असशील तर भरू नकोस."

ताईने युनीत फोन करून खात्री केली. क्लब खरा होता. सभासदत्वाचे फायदे तिने मला चालता चालता वाचून दाखवले. प्रमाणपत्र, सीव्ही तपासून मिळणार, वर्कशॉप, ओळखी. शेवटी एक ओळ होती. क्लबचं काम वर्षभर करणाऱ्यांना सल्लागार प्रोफेसर स्वतः शिफारस देतील.

"बाकीचं राहू दे," ताई म्हणाली. "ही ओळ माझी."

ती सभासद झाली. प्रवेश समारंभाला ते इंडक्शन म्हणत होते. तिने साताऱ्याला सासूबाईंना कौतुकाने सांगितलं, उद्या माझं इंडक्शन आहे.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "गॅसपेक्षा बरी पडते ती शेगडी. भांडी मात्र वेगळी लागतात हं."

इंडक्शनला पडद्यावर चार काळे चौकोन होते आणि एक चेहरा. चेहरा क्लबच्या सल्लागार प्रोफेसर हेलन यांचा. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार आहे का, त्यांनी विचारलं. काळे चौकोन काळेच राहिले. ताईने कॅमेरा सुरू केला आणि हात वर केला.

वर्षभर ती राबली. वर्कशॉप ठरवायची, सूचना पाठवायची, येणाऱ्या दोघा-तिघांचे आभार मानायची. मग वार्षिक सभा जवळ आली. किमान तीस सभासद हजर हवेत, असा नियम होता. ईमेलला एकाचंही उत्तर नव्हतं. ताई निवांत होती.

"कोरम नाही भरला तर सभा अर्धा तास तहकूब करायची," तिने मला समजावलं. "मग त्याच जागी पुन्हा भरवायची. तेव्हा कोरमची अट नसते. वाईच्या महिला मंडळात दरवर्षी हेच. त्या अर्ध्या तासात आम्ही चहा घ्यायचो."

तिने हे हेलनना कळवलं. हेलनना आधी समजलंच नाही. समजल्यावर त्या हसल्या. मग म्हणाल्या, इथे तसं नसतं. गेल्या वर्षीही कोरम भरला नव्हता. यंदा नाही भरला तर युनी क्लब बंद करणार आहे, आणि बंद झालेल्या क्लबच्या वतीने त्यांना शिफारस देता येणार नाही.

त्या दिवशी ताई तळ्याचा अर्धा फेरा भराभर चालली. मग एकदम थांबली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "ईमेल म्हणजे पत्रिका झाली. नुसत्या पत्रिकेवर आपण कुणाकडे जेवायला जातो का? आवतण यावं लागतं. दारात उभं राहून, नाव घेऊन, 'या हं नक्की' म्हणावं लागतं."

"अगं, पण पुन्हा लॉकडाउन आहे, दारात जाता येत नाहीये कुणाच्या."

"फोन आहे ना."

उल्हासने ऐकलं आणि हेडफोन काढला. "ही पोरं आईचा फोन उचलत नाहीत. तुझा उचलतील?"

"आई ओरडते म्हणून नसतील उचलत. मी आवतण देणार आहे."

अंगणातल्या कुंपणापलीकडून मला तिचं इंग्रजी ऐकू यायचं. "हॅलो, धिस इज चित्रलेखा. नो नो, आय ॲम नॉट सेलिंग. यस, टेल." पुष्कळांनी फोन कापले. काहींनी उचलले आणि ठेवेचनात. एक मुलगी खोलीत एकटी होती, बोलता बोलता रडली. ताईने तिला खिचडी सांगितली, फोनवरूनच, फोडणीसकट. प्रत्येकाला ती सभेतलं एक काम द्यायची. तू स्वागत कर. तू वेळ बघ. तू फक्त शेवटी थँक्यू म्हण.

"एवढी कामं असतात सभेत?" मी विचारलं.

"नसतात. पण काम असलं की माणूस येतं."

ट्रॅव्हिस नावाचा एक मुलगा कालगुर्लीला घरी परतून ऑनलाइन शिकत होता. सोन्याच्या खाणींचं गाव, पर्थपासूनही लांब. तो बोलता बोलता म्हणाला, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबला माणसं मिळत नाहीयेत. राज्याच्या सीमा बंद, त्यामुळे बाहेरून कुणी येत नाही. ताईने त्याच रात्री अर्ज टाकला. मला सांगितलं नाही. उल्हासलाही नाही.

सभेच्या दिवशी ताईने पैठणी नेसली. कंबरेच्या वरचीच दिसणार होती, तरी पूर्ण. एकेक चौकोन उघडत गेला. स्वागत करणारे तिघे एकदम बोलायला लागले. वेळ बघणारे दोघे भांडले. हेलन मोजत होत्या. तीस झाले, चाळीस झाले. त्या मोजायच्या थांबल्या.

"यू रँग ऑल ऑफ देम?" त्यांनी विचारलं.

"सर्टनली," ताई म्हणाली. "हॅव यू ईटन?"

क्लब वाचला. पंधरवड्याने कालगुर्लीच्या लॅबने हेलनना फोन केला. हेलन काय म्हणाल्या ते ताईला नंतर कळलं. या बाईंनी बोलावलं की लोक येतात, लॅबचं काम तर त्यांना येतंच. तुम्ही विचार कसला करताय?

वर्षभराची नोकरी. सीमा ओलांडायची परवानगी लॅबनेच मिळवून दिली, पण लगेच निघावं लागणार होतं.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या मागच्या दारात उभी होते. ताईने आत नुकतंच सांगितलं होतं. मग त्यांची मुलगी चिन्मयी म्हणाली, "आई, दॅट्स द अदर साइड ऑफ ऑस्ट्रेलिया."

"हो गं."

"सो हू'ल डू माय हेअर?"

"बाबा."

"नो वे."

उल्हासने लॅपटॉप मिटला. "मला न सांगता अर्ज टाकलास," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर स्कॅम म्हणाला असतास."

तो हसला नाही. "म्हणालो असतो," तो म्हणाला. मग उठून त्याने माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली.

ताई गेली त्याला आठवडा झाला. ती पर्थच्या हॉटेलात क्वारंटाइनमध्ये आहे. व्हिडिओवर खिडकी दाखवते, ती उघडत नाही. तरी चेहरा असा की जणू सहलीला गेलीय. मला अजून नीट समजलेलं नाही. इतकी वर्षं जिला कुणी ओळखत नव्हतं, तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाने बोलावून नेलं. मी तळ्याभोवती एकटी चालते आणि मनात तेच घोळवते.

काल उल्हासने कुंपणावरून हाक मारली. हाताला पीठ होतं.

"सुखदा, तुला येतात का पोळ्या?"

"बऱ्या येतात. का?"

निघायच्या आदल्या दिवशी ताईने त्याला कणीक भिजवायला शिकवली होती. मग लाटायला. गोल नाही, पण येतात, तो म्हणाला. पण शिकवता शिकवता टॅक्सीचा फोन आला होता, वेळ बदलली म्हणून, आणि ती बॅगा बांधायला उठली. भाजायचं राहिलं.