पाण्याचं लिहा

कुणी अंगावर ओरडत आलं, की शमुवेलतात्या आधी हातातली चावी जमिनीवर ठेवायचे. कालव्याचा दरवाजा उघडायची ती दीड हात लांब, जड लोखंडी चावी. ती खाली ठेवायची, टोपी सारखी करायची आणि मग समोरच्याचं ऐकून घ्यायचं. पाटबंधारे खात्यात लागून मी इंदापूर तालुक्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की माणूस भित्रा आहे.

तात्या पाटकरी होते. कुठल्या गावाला कधी पाणी द्यायचं याची यादी ठरलेली असते. त्याप्रमाणे दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, पण खांदे पहिलवानासारखे रुंद. रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून उपासनेला जायचे. कुणी भांडायला आलं तर म्हणायचे, "बरूबर हाय तुमचं. पण यादी बघू." आणि यादीबाहेर एक थेंब सोडायचे नाहीत. त्यांच्या मऊ बोलण्यामुळे लोकांना हे जरा उशिरा कळायचं.

त्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या वरकुटे गावची डाळिंबं माना टाकायला लागली होती. सोमवारी त्यांची पाळी सुरू झाली, पण मंगळवारी दुपारपर्यंत पाणी पोचलं नव्हतं. वरच्या अंगाला भगवानराव नावाच्या बड्या बागायतदारानं आपला दरवाजा परत उघडून घेतला होता. तात्या तो बंद करायला गेल्याचं कळलं, तशी मी स्कूटी काढली.

पोचले तेव्हा तीसेक माणसं जमली होती. भगवानराव तात्यांच्या तोंडाशी येऊन बोलत होते. त्यांच्या जातीवरून, धर्मावरून, सगळ्यावरून. चावी जमिनीवर होती.

"राव, तुमची पाळी संपली," तात्या म्हणाले. "आता वरकुट्याची हाय."

भगवानरावांनी त्यांच्या कानाखाली मारली. टोपी चारीत पडली आणि वाहत निघाली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात वरकुट्याची माणसं पिकअपमधून उतरली, हातात काठ्या घेऊन. माझ्या हातात मोबाईल होता, पण कुणाला फोन लावावा ते सुचेना. तात्या दोन्ही हात पसरून मध्ये गेले आणि आपल्याच बाजूच्या लोकांना म्हणाले, "काठ्या गाडीत ठेवा. मारामारी झाली तर पाणी आजबी न्हाय यायचं." कुणी हललं नाही. तात्याही हलले नाहीत. शेवटी एका म्हाताऱ्यानं काठी टाकली, मग बाकीच्यांनी.

मग त्यांनी चावी उचलली, भगवानरावांकडे पाठ केली आणि दरवाज्यावर वाकले. एक फेरा, दोन फेरे. चावी करकरत होती. मागे उभ्या माणसानं लाथ घातली असती तर तात्या सरळ पाण्यात गेले असते. मी फेरे मोजत होते. बाविसाव्या फेऱ्याला दरवाजा बसला.

ऑफिसात येऊन मी रिपोर्ट लिहायला घेतला, तशी पहिली ओळ थपडेची लिहिली. तात्यांनी ती वाचली.

"मॅडम, पाण्याचं लिहा. ते लोकांचं हाय. गालाचं माझं हाय, ते ऱ्हाऊ द्या."

मला संताप आला. मी म्हटलं, तात्या, माझ्या आजोबांनी धम्म घेतला तो मान ताठ ठेवण्यासाठी. तुमचं हे मान खाली घालणं मला पटत नाही.

"मान खाली घालायला लावणं येगळं," ते म्हणाले. "आपण घालणं येगळं."

थांबून म्हणाले, "सौम्य ऱ्हावा, असं चर्चात पाळक सांगायचे, तवा वाटायचं, गरिबाला गप बसवायचा शब्द हाय ह्यो. मग बांधाच्या भांडणात मी धाकट्या भावाला, योहानला, खोऱ्यानं मारलं. उजवा हात कायमचा गेला त्याचा. तवा कळलं, ह्यो शब्द ताकदवाल्यासाठी हाय. आता राग आला की हातातलं खाली ठेवतो."

मी थपडेची ओळ खोडली. तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही.

आठवड्यानं वरच्या एका साहेबांनी दोघांना बोलावलं. पाळीबद्दल आपली समजूत चुकली एवढं तात्यांनी लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्यांचं म्हणणं. मी घाबरले होते, नोकरी नवी होती. तात्यांनी हात जोडले.

"साहेब, माझी बदली करा, चालंल. पण पाळी वरकुट्याचीच व्हती."

बदली झाली, बारामतीकडे, काटेवाडीच्या बाजूला. जाण्याआधीच्या रविवारी उपासना झाल्यावर ते म्हणाले, कळंबला सोडता का. योहान तिथं राहायचा. चौदा वर्षं दर रविवारी तात्या त्याच्या अंगणात तासभर बसून येत. तो एक शब्द बोलत नसे. भावजय पाणी द्यायची, एवढंच.

त्या दिवशीही योहान पाठमोरा बसून डाव्या हातानं गुरांपुढे वैरण टाकत होता. तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "माझी बदली झाली. आता लांबनं यायचं, पोचायला दुपार व्हईल." वैरण संपली तरी योहान तसाच बसून राहिला. मी उठणार, तेवढ्यात तो मान न वळवता माझ्याशी बोलला.

"मॅडम, दादाला सांगा. दुपार व्हणार आसंल तर हितंच जेवायचं म्हणावं."

मी वळले. तात्या माझ्यापासून दोन हातांवर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी मी निरोप सांगितला.

त्यांनी मान वर करून योहानच्या पाठीकडे पाहिलं.

"व्हय म्हणावं," ते म्हणाले.