पोटात किती गेलं?

पिंपरीच्या दवाखान्यातल्या आहारवाल्या बाई मुलाचं वय विचारायच्या आधी गळ्यातली टेप काढायच्या. आमच्या लेकीला, ओवीला, सरळ झोपता यायचं नाही. हातपाय आखडायचे, सारखे हिसके द्यायचे. मग बाई तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घ्यायच्या. त्यावरून उंचीचा अंदाज, आणि उंचीवरून दिवसाच्या कॅलरी.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. बी.कॉम. पहिल्या भेटीला चार वर्षांच्या मुलाला लागतात तेवढ्या कॅलरी मी स्वतःच काढून नेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. पण दुसऱ्या मुलीचं आहे, हिचं नाही." मला राग आला. सोबत नवरा होता, चाकणच्या कंपनीतला. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ही पोर पडल्या पडल्या ओव्हरटाइम करते. त्याचं वरचं नको द्यायला?" तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

त्यांचा प्रश्न ठरलेला. "काय दिलं ते नको. पोटात किती गेलं?" मी सांगायचे, वाटीभर खिमट, तूप घालून. एकदा त्यांनी समोरच भरवायला लावलं. तास गेला. मग ओवीचं ओलं लाळेरं उचलून त्यांनी वजनकाट्यावर ठेवलं. "अर्धी वाटी यानंच खाल्ली की."

वजन उतरतच राहिलं. बाई म्हणाल्या, पोटात थेट नळी बसवून घ्या. सासूबाई उसळल्या, "तोंड हाय की पोरीला! नळीनं का जेवल ती?"

"आजी, तोंडाला चव देऊ. चमचाभर, तिला आवडेल ते. पोट नळीनं भरू."

आम्ही नळी बसवून घेतली. सासूबाई आमच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग नळीतून पेज सोडायला त्याच आधी शिकल्या. ओवीच्या गालांवर मांस आलं.

थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि ओवी गेली. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. कपडे धुतले, वाळत घातले, एवढंच.

ओवीच्या नावानं वंदना आणि जेवण ठेवलं होतं, त्या पुण्यानुमोदनाला बाई आल्या, भिंतीशी बसल्या. सासूबाईंनी त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"बाई, उपाशी न्हाई ना गेली?"

"नाही आजी. भरल्या पोटानं गेली."

सासूबाई मान हलवून पुढं वाढायला गेल्या. बाईंनी वाटी खाली ठेवली. थोड्या वेळानं परत उचलली आणि सगळी खीर खाल्ली.